वाचकांचे प्रश्न : पेट्रोलच्या वाफा आणि पुन्हा पुन्हा लागणारा इंजिनाचा दिवा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत. गाडी उत्तम चालते, पण डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. स्कॅनर लावला की पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेचा, गॅरेजच्या भाषेत ‘इव्हॅप’चा, कोड निघतो आणि तो पुसला तरी काही दिवसांनी परत येतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच यंत्रणेला दिले आहे. पत्रे मोठी होती, त्यांतला आवश्यक तेवढाच भाग येथे घेतला आहे.

प्रश्न : माझ्या गाडीत आधी पी०४५५ हा कोड आला. टाकीचे झाकण नवे बसवून कोड पुसला. आठवड्याभराने पी०४४२ आला. आता गॅरेजमधून कॅनिस्टर बदलण्याचा सल्ला मिळतो आहे. गाडीच्या चालीत तसूभरही फरक नाही. हा खर्च करावा का, आणि करायचाच तर कॅनिस्टरवर का?

कॅनिस्टर, म्हणजे वाफा धरून ठेवणारा कोळशाचा डबा, बदलण्याची घाई करू नका, हे आधी सांगतो. आपल्याला मिळालेले दोन्ही कोड गळतीचे आहेत आणि गळती कोठे आहे हे त्यांतला एकही सांगत नाही. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान आणि याच घराण्यातला पी०४५६ म्हणजे अतिशय लहान. ‘लहान’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. अमेरिकेतील नियमांनुसार १९९६ च्या मॉडेलांपासून गाडीच्या संगणकाला ०.०४० इंच, म्हणजे साधारण एक मिलिमीटर व्यासाच्या भोकाइतकी गळती ओळखता यावी अशी अपेक्षा ठेवली गेली आणि २००० च्या सुमारास ती मर्यादा निम्म्यावर, अर्ध्या मिलिमीटरवर आली. सुईच्या टोकाएवढ्या भोकासाठी हा दिवा लागू शकतो. ते भोक मीटरभर लांबीच्या नळ्या, अनेक जोड, रबरी रिंगा आणि टाकी यांपैकी कोठेही असू शकते, मग नेमका कॅनिस्टरच दोषी कसा ठरला, हे आपण गॅरेजमध्ये अवश्य विचारावे.

आता गाडी व्यवस्थित चालत असताना हे दुरुस्त का करायचे, या प्रश्नाकडे वळू. पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असते आणि उन्हात तर फारच वेगाने उडते. या वाफा हवेत मिसळल्या की नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी सूर्यप्रकाशात त्यांची अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचे हे रसायन कॅल्टेक या कॅलिफोर्नियातील विज्ञानसंस्थेतले आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडले. पुढे १९७० च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ च्या मॉडेलांपासून सबंध अमेरिकेत नव्या गाड्यांवर या वाफा अडवण्याचे बंधन आले. धुराड्यातून काहीही न निघता, नुसती उभी राहून गाडी हवा बिघडवत असते आणि ती गळती आपल्या चालीत जाणवत नाही, म्हणूनच तिची खबर देणारा हा दिवा मला मोलाचा वाटतो.

यंत्रणा कशी चालते ते कळले की तपासणीचा क्रम आपोआप समजतो. टाकीतल्या वाफा नळीवाटे कॅनिस्टरमध्ये येतात. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो आणि वाफा त्यालाच चिकटून राहतात. इंजिन गरम होऊन गाडी नीट चालू लागली की संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. मग इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या ओढीने (व्हॅक्यूमने) बाहेरची ताजी हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून आत येते, कोळशातून जाताना वाफा सोबत घेते आणि त्या इंजिनात जळून जातात. येथे एक जोडी पक्की लक्षात ठेवावी, कारण निम्मे निदान तिच्यावर उभे आहे : बहुतेक गाड्यांत वीज नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो.

गळती शोधण्यासाठी संगणक दोन्ही दारे स्वतः हाताळतो. तो व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत थोडी ओढ निर्माण करतो, मग पर्जही बंद करतो आणि टाकीवरच्या दाबाच्या सेन्सरकडे पाहत राहतो. ओढ टिकली तर सर्व ठीक, हळूहळू ओसरली तर लहान गळती आणि मुळातच निर्माण झाली नाही तर मोठी गळती. काही गाड्या हे काम इंजिन बंद केल्यानंतर करतात. गरम पेट्रोल निवताना टाकीत आपोआप जी ओढ तयार होते, तिचाच त्या उपयोग करून घेतात. काहींमध्ये छोटा पंप असतो आणि तो आधी अर्ध्या मिलिमीटरच्या ठरावीक छिद्रातून हवा ढकलून त्याच्याशी टाकीची तुलना करतो. पद्धत कोणतीही असो, ही चाचणी रोज होत नाही. साधारणपणे इंजिन रात्रभर थंड झालेले असावे लागते, टाकी काठोकाठ किंवा रिकामी असून चालत नाही, बऱ्याच गाड्यांत ती १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते आणि बहुधा लागोपाठ दोन चाचण्या नापास झाल्याशिवाय दिवा लागत नाही. आपला कोड आठवड्याने परत आला तो यामुळे. त्या आठवड्यात गाडी दुरुस्त झालेली नव्हती, फक्त तिची परीक्षा व्हायची राहिली होती.

आपल्या पत्रातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. झाकण बदलल्यावर कोड पी०४५५ वरून पी०४४२ वर आला. याचा सरळ अर्थ असा निघू शकतो की झाकण खरोखरच गळत होते आणि त्यासोबत दुसरी, लहान गळतीही आहे. म्हणून आधी झाकणापाशीच पुन्हा जावे. नवे झाकण त्याच गाडीसाठी बनवलेले आहे ना, हे पाहावे, कारण दिसायला सारखे आणि आट्यांत बसणारे झाकण दाबाच्या बाबतीत वेगळे असू शकते. मग झाकण काढून टाकीच्या तोंडाच्या कडेवरून अंगठा हळूच सबंध फिरवावा. जेथे रबरी वॉशर टेकतो तेथे गंजाचा खरखरीतपणा, बारीक खाच किंवा वाळूचे कण लागले, तर कितीही नवे झाकण लावले तरी ते वाफ अडवू शकणार नाही. जुन्या गाड्यांत भरण्याची नळी मडगार्डच्या आत, चिखल साचतो त्या जागी गंजून गळते. ती वरून दिसत नाही, चाकाकडचे अस्तर काढून पाहावी लागते.

येथवर काही सापडले नाही, तर दोन्ही बाजूंनी संवाद करणारा, म्हणजे व्हॉल्व्हना हुकूम देऊ शकणारा स्कॅनर हवा. कोड पडला त्या क्षणाची नोंद, म्हणजे तापमान, पेट्रोलची पातळी, वेग इत्यादी, आधी वाचून लिहून ठेवावी, कारण कोड पुसला की तीही जाते. झाकण काढल्यावर टाकीच्या दाबाचा आकडा बाहेरच्या हवेइतका, म्हणजे शून्याजवळ दिसला पाहिजे. तसा नसेल तर सेन्सरच खोटे बोलतो आहे आणि पुढची सारी तपासणी निरर्थक ठरेल. मग झाकण लावून, इंजिन चालू ठेवून व्हेंट बंद करण्याचा आणि पर्ज उघडण्याचा हुकूम द्यावा, दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंतच उतरू द्यावा आणि पर्ज बंद करून आकडा किती वेळ टिकतो ते पाहावे. शेवटी व्हेंट उघडताच आकडा झटकन शून्यावर आला पाहिजे. तो रेंगाळला तर गळती नव्हे, तुंबलेली वाट शोधायची असते.

गळतीची जागा सापडते ती मात्र धुराच्या चाचणीत. यंत्रातून निघणारा खनिज तेलाचा दाट धूर अत्यंत कमी दाबाने यंत्रणेत सोडतात. हा दाब साधारण ३३ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे अर्ध्या पीएसआयच्याही आत असतो. प्रखर टॉर्च घेऊन नळ्यांच्या कडेकडेने पाहत गेले की धूर कोठून निघतो ते दिसते. यात एक चूक वारंवार होते आणि मला दाट शंका आहे की आपल्या कॅनिस्टरवरचा आरोप अशाच चुकीतून आला असावा. व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो, हे वर आलेच आहे. धूर सोडताना स्कॅनरने तो बंद केला नाही, तर कॅनिस्टरजवळच्या व्हेंटमधून भरपूर धूर बाहेर पडतो आणि पाहणाऱ्याला वाटते की कॅनिस्टर फुटला आहे. प्रत्यक्षात तो धूर नेमून दिलेल्या वाटेनेच निघत असतो. तेव्हा आपण गॅरेजमध्ये एवढेच विचारावे : धूर सोडला तेव्हा व्हेंट बंद होता का? कॅनिस्टरच्या डब्याला तडा गेलेला दिसला, त्याची नळी जोडण्याची तोटी मोडलेली असली किंवा आत पेट्रोल साचून कोळसा भिजलेला असला, तर तो बदलावाच लागतो, पण हे डोळ्यांनी दाखवता येण्याजोगे दोष आहेत.

प्रश्न : पेट्रोल भरून निघताना गाडी पटकन सुरू होत नाही. बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, ॲक्सिलरेटर दाबून धरला की कशीबशी सुरू होते आणि पेट्रोलचा वास येतो. इतर कोणत्याही वेळी त्रास नाही. पेट्रोलचा पंप बदलून झाला, प्लग बदलून झाले.

पंप आणि प्लग दोन्ही निरपराध होते, असे आपल्या वर्णनावरून वाटते. ‘फक्त पेट्रोल भरल्यावर’ हे तीन शब्द जवळजवळ निदानच आहेत. टाकीत पेट्रोल पडू लागले की तेथल्या वाफा कॅनिस्टरकडे ढकलल्या जातात. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल तर त्या कोळशात न थांबता थेट इनटेकमध्ये जाऊन बसतात. सुरू होताना इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल फार मिळते आणि ते गुदमरते. ॲक्सिलरेटर दाबल्याने हवेचे दार उघडते, जास्तीची हवा मिळते आणि म्हणून इंजिन पेट घेते.

तपासणी साधी आहे. इंजिनाच्या खोलीत इनटेक मॅनिफोल्डच्या आसपास हा व्हॉल्व्ह सापडतो. दोन नळ्या आणि दोन तारांचा एक कनेक्टर अशी त्याची ओळख असते. एक नळी मॅनिफोल्डकडे जाते, दुसरी मागे कॅनिस्टरकडे. कनेक्टर काढून ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असणे भाग आहे. मग इंजिन आयडलिंगवर चालू ठेवून कॅनिस्टरकडची नळी व्हॉल्व्हपासून सोडवावी आणि त्या तोटीवर बोटाचे टोक ठेवावे. चांगल्या व्हॉल्व्हवर काहीच जाणवत नाही. बिघडलेल्यावर बोट आत ओढले जाते, बारीक सुसकारा ऐकू येतो आणि तोटी बोटाने पूर्ण झाकली की इंजिनाची चाल बदलते. अधिक अचूक हवे असेल तर व्हॉल्व्ह काढून हातपंपाने, म्हणजे हवा ओढणाऱ्या आणि दाबाचा काटा असलेल्या छोट्या पंपाने, ओढ लावावी आणि काटा पडतो का ते पाहावे. तोंडाने फुंकून पाहण्याची पद्धत मी सुचवणार नाही, कारण त्या नळीत पेट्रोलच्या वाफा असतात. वीज दिल्यावर ‘टक’ असा आवाज आला म्हणून व्हॉल्व्ह चांगला, असा निष्कर्षही काढू नये, कारण आवाज आतली खीळ हलल्याचा असतो आणि ती नीट टेकली की नाही, हे त्यातून कळत नाही.

स्कॅनरवर याची आणखी एक खूण दिसते. टाकी नुकतीच भरलेली असताना इंजिन आयडलिंगला असेल तर संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतो आहे ते दाखवणारा आकडा (फ्युएल ट्रिम) उणे बाजूला जातो, कारण बिनबोलावलेल्या वाफांमुळे संगणकाला पेट्रोल कमी करावे लागते. दिवसभर गाडी चालून कॅनिस्टर रिकामा झाला की त्याच उघड्या वाटेने नुसती हवा येऊ लागते आणि आकडा अधिक बाजूला सरकतो. एकच व्हॉल्व्ह सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे चित्र दाखवतो. अशा गाड्यांत पी०४९६, म्हणजे नको तेव्हा पर्जचा प्रवाह वाहत असल्याचा कोड, पुष्कळदा मिळतो.

व्हॉल्व्ह काढल्यावर मात्र तो सरळ फेकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर त्याची कॅनिस्टरकडची तोटी हलकेच आपटा. मी असे करत असताना एकदा टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच काळे कठीण कण कागदावर पडले आणि बोटाने चुरडल्यावर काजळीसारखा डाग राहिला. तो कॅनिस्टरमधला कोळसा होता. त्यातला एखादा कण खीळ टेकते त्या बैठकीवर अडकला की व्हॉल्व्ह मिटत नाही. कागदावर असे कण दिसले तर कॅनिस्टर आतून फुटला आहे असे समजावे. केवळ व्हॉल्व्ह बदलला तर नवाही तसाच अडकेल. मग कॅनिस्टर बदलून मधली नळी दोन्ही टोके सोडवून स्वच्छ करणे, हाच योग्य खर्च ठरतो. कण नसतील तर व्हॉल्व्हवर काम भागेल.

प्रश्न : पेट्रोल भरताना नळी सारखी ‘खट’ करून बंद पडते. थेंबाथेंबाने भरावे लागते. टाकीत दोष आहे का?

टाकीत पेट्रोल शिरते तेवढीच हवा आणि वाफ बाहेर पडली पाहिजे. अनेक गाड्यांत ती कॅनिस्टरमधून आणि पुढे व्हेंटमधून निघते. ती वाट तुंबली की टाकीत दाब साठतो, पेट्रोल नळीच्या टोकापर्यंत उलटे चढते आणि पंपाची नळी स्वतःला बंद करते. तेव्हा आधी व्हेंटची वाट पाहावी. व्हेंट व्हॉल्व्ह पुष्कळदा मागच्या बाजूला गाडीखाली असतो आणि त्याच्या तोंडाशी धूळ, चिखल, कीटकांची घरे साचतात. कोळ्याच्या जाळ्यांचे उदाहरण तर गाजलेले आहे. २०११ मध्ये माझदा कंपनीने सुमारे ६५ हजार माझदा-६ गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीचा पिवळसर कोळी कॅनिस्टरच्या व्हेंट नळीत जाळे विणत होता. त्याने वाट बंद होऊन टाकीत ओढ वाढत होती आणि टाकीला तडा जाण्याचा धोका होता. हे वाचून कोणाला नवल वाटेल, पण ज्यांनी गाडीखाली झोपून या नळ्या काढल्या आहेत त्यांना वाटणार नाही.

व्हॉल्व्ह काढून वीज न देता त्यातून हवा सहज जाते का, ते हातपंपाने पाहावे. व्हेंट मोकळा असेल तर कॅनिस्टर हातात घ्यावा. कोरड्या कॅनिस्टरच्या मानाने तो विलक्षण जड लागला किंवा तिरका करताच पेट्रोल टपकले, तर तो भिजलेला आहे. हे दोन्ही ठीक असतील तरच टाकीवरच्या, गाडी उलटल्यावर पेट्रोल अडवणाऱ्या झडपेकडे आणि भरण्याच्या नळीतल्या झडपेकडे वळावे.

कॅनिस्टर भिजण्याचे नेहमीचे कारण आपल्याच सवयीत असते. नळी पहिल्यांदा बंद झाली की टाकी भरलेली असते. तिच्यात वाफेसाठी मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते आणि आकडा पूर्ण करण्यासाठी आणखी दोन-तीन वेळा दाबले की ती जागाही भरून पातळ पेट्रोल वाफेच्या नळीत शिरते. कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पेट्रोल पिण्यासाठी नाही. पहिल्या ‘खट’ला थांबावे, ही विनंती मी प्रत्येक वाचकाला करतो.

प्रश्न : माझी गाडी डिझेलवर चालते. तिलाही ही यंत्रणा असते का?

नाही. डिझेल साध्या तापमानाला फारच कमी उडते, त्यामुळे डिझेल गाड्यांत सहसा ही यंत्रणा नसते.

प्रश्न : पी०४४३ कोड आला म्हणून पर्ज व्हॉल्व्ह नवा बसवला. दुसऱ्या दिवशी कोड पुन्हा हजर.

हा कोड गळतीचा नाही, वीजप्रवाहाचा आहे. पर्ज व्हॉल्व्हच्या तारांत संगणकाला अपेक्षित वीज दिसत नाही, एवढेच तो सांगतो. व्हेंटसाठी असाच कोड पी०४४९ आहे. येथे धुराचे यंत्र लावून उपयोग नाही, मल्टीमीटर लागेल. कनेक्टर काढून, चावी चालू स्थितीत ठेवून एका तारेवर बॅटरीइतका विजेचा दाब (व्होल्टेज) येतो का ते पाहावे. येत नसेल तर फ्यूज आणि ती तार तपासावी. येत असेल तर दुसरी तार संगणकापर्यंत अखंड आहे का, ती वाटेत कोठे घासून बॉडीला टेकलेली नाही ना, हे पाहावे. जुन्या व्हॉल्व्हच्या गुंडाळीचा रोध मोजून उत्पादकाच्या आकड्याशी ताडला असता, तर नवा घेण्याआधीच उत्तर मिळाले असते. कनेक्टरच्या आत डोकावून पाहा. तांब्यावर हिरवट थर दिसला, तर दोष बहुधा तेथेच आहे. गाडीखालच्या व्हेंटच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरत असल्याने हा हिरवटपणा तेथे अधिक दिसतो.

प्रश्न : टाकीतला पंप बदलल्यापासून पी०४५६ येतो. गॅरेजचे म्हणणे, या कोडाचा पंपाशी संबंध नाही.

संबंध आहे आणि बहुधा तोच आहे. पंप टाकीच्या वरच्या तोंडातून आत बसतो आणि त्या तोंडावर मोठी रबरी रिंग असते. पंप उतरवताना ती जरा जरी सरकली, पिळली गेली किंवा जुनीच पुन्हा वापरली, तरी अर्ध्या मिलिमीटरची वाट राहून जाते. पेट्रोल सांडत नाही, वासही बहुधा येत नाही, फक्त वाफ जाते.

माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झाले होते. पंप मी दुसऱ्याकडून बसवून घेतला होता आणि कोड आल्यावर दोन महिने झाकण, नळ्या, व्हॉल्व्ह तपासत राहिलो. अखेर धूर सोडून मागचे आसन उचलले, पत्र्याचे झाकण काढले आणि टॉर्च तिरका धरला. सुरुवातीला काहीच दिसले नाही. पाच मिनिटे गेल्यावर पंपाच्या कडेपाशी उदबत्तीच्या टोकावरून निघावी तशी एकच बारीक रेषा वर चढताना दिसली. पंप आवळून धरणारे कडे सोडवल्यावर रिंगेचा बोटभर भाग खोबणीबाहेर येऊन चपटा झालेला आढळला. नवी रिंग बसवताना खोबण पुसून कोरडी केली, रिंग सबंध बसल्याची खात्री बोट फिरवून केली आणि मगच कडे आवळले. लहान गळतीला धूर पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन मिनिटांत ‘काही नाही’ म्हणून यंत्र बंद करू नये. अलीकडे कोणत्या भागाला हात लागला होता, हा प्रश्नही धुराच्या आधी विचारावा. मी तो स्वतःला उशिरा विचारला.

प्रश्न : धुराचे यंत्र नाही. हवा भरायच्या कॉम्प्रेसरने टाकीत दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधली तर?

हे कृपया करू नका. यंत्रणेला अर्ध्या पीएसआयचीही सवय नसते आणि कॉम्प्रेसर त्याच्या शेकडो पट दाब देऊ शकतो. टाकी फुगते, सेन्सर निकामी होतो, चांगले जोड उघडे पडतात आणि मग शोधायची गळती एकाऐवजी चार होतात. त्याहून गंभीर गोष्ट आगीची आहे. बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटत नाही. आपण तिच्यात बाहेरची हवा भरली की मिश्रण पेटण्याजोगे होते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते, आणि पेट्रोल तर उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणूनच धुराच्या यंत्रांत या कामासाठी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरण्याची शिफारस असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात आणि जमिनीलगत साचते, तेव्हा तपासणी मोकळ्या हवेत करावी आणि जवळ कोणतीही ठिणगी असू देऊ नये. घरी डोळ्यांनी, बोटांनी आणि हातपंपाने जेवढे तपासता येते तेवढे जरूर करावे. दाब देण्याचे काम ज्यांच्याकडे योग्य यंत्र आहे त्यांच्याकडेच न्यावे. बंद, दाबाखालच्या टाकीच्या हायब्रिड गाड्यांत तर झाकण उघडण्यापूर्वीही बटण दाबून दाब उतरण्याची वाट पाहावी लागते, त्यांना घरी हात लावू नये.

प्रश्न : दुरुस्ती केली, कोड पुसला, दिवा गेला. काम झाले असे समजावे का? तपासणीला गाडी न्यायची आहे.

एवढ्यात समजू नये. कोड पुसताना संगणकाच्या सर्व आत्मचाचण्यांचे निकालही पुसले जातात. ज्या तपासणीत हे निकाल वाचले जातात तेथे ‘इव्हॅप अपूर्ण’ असे दिसते आणि ही चाचणी सर्वांत शेवटी पूर्ण होणाऱ्यांपैकी आहे. बॅटरी काढून दिवा घालवणाऱ्यांचीही हीच अडचण होते. तेव्हा टाकी अर्ध्या ते पाऊण दरम्यान ठेवा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी सुरू करून काही वेळ शांतपणे एकसारख्या वेगाने चालवा आणि असे काही दिवस करा. या काळात पेट्रोल भरणे टाळता आले तर उत्तम. मग स्कॅनर लावून दोन गोष्टी पाहा : इव्हॅपची चाचणी ‘पूर्ण’ दिसते का, आणि दिवा न लावता मनात ठेवलेला, म्हणजे प्रलंबित कोड आहे का. चाचणी पूर्ण आणि प्रलंबित कोड नाही, असे दिसले की त्या दिवशी गाडी तपासणीला न्यावी.